बिल १९९१चं, घड्याळ १९८५चं

प्रश्न: मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, १९८६ ते १९९३ मस्कतजवळ एका साइटवर फिटर होते. तिथे त्यांनी पगारातले पैसे साठवून सिकोचं एक डायव्हर, म्हणजे पाण्यात बुडी मारताना घालायचं, घड्याळ घेतलं. बिल अजून जपून ठेवलंय. त्यावर फेब्रुवारी १९९१ ही तारीख आणि ६३०९-७०४० हा नंबर आहे. मागच्या महिन्यात माझा भाचा पुण्याहून आला होता. त्याला घड्याळांचा नाद आहे. त्याने मागच्या झाकणावरचा नंबर वाचून सांगितलं की हे १९८५चं आहे, आणि हे मॉडेल १९८८ लाच बंद झालं. मग १९९१ मध्ये नवीन कसं मिळेल? म्हणजे आजोबांना कुणीतरी वापरलेलं, नाहीतर दोन-तीन घड्याळांचे भाग जोडलेलं घड्याळ टेकवलं. शिवाय पहिल्याच वर्षी ते मागे पडायला लागलं होतं आणि ऑइलिंग करावं लागलं होतं, हे आप्पाच पूर्वी सांगायचे. भाच्याने तोही पुरावा धरला. नंतर आम्ही एका खरेदीदाराला सहज दाखवलं, तर तोही म्हणाला की बिल जुळत नाही, आणि भाव निम्म्यावर आणला.

आप्पा एवढंच म्हणाले, ‘मला वार दिसणारं हवं होतं. दुकानदाराने वरच्या फळीवरून डबा काढला, फडक्याने धूळ पुसली आणि दिलं. मी नवीनच घेतलं.’ त्यानंतर त्यांनी घड्याळ हातातून काढून कपाटात ठेवलंय. ऐंशीचा माणूस, काही बोलत नाही, पण मनाला लागलंय. आप्पांचं खरं असू शकतं का? आणि घड्याळ पॉलिश करून, डायल नवीन करून दिलं तर त्यांना बरं वाटेल का? सिंहस्थात ते हातात घालून रामकुंडावर बुडी मारायची असं ते वर्षभर म्हणत होते. झाकणाचा, डायलचा आणि बिलाचा फोटो सोबत पाठवते आहे.

उत्तर:

ताई, आधी आप्पांकडे जा आणि त्यांना सांगा की त्यांचं म्हणणं खरं असू शकतं. नुसतं असू शकतं एवढंच नाही, तुम्ही पाठवलेले फोटो आणि त्यांनी सांगितलेल्या दोन-तीन गोष्टी एकत्र ठेवल्या तर ते खरं असण्याचीच शक्यता जास्त आहे. बाकीचं सगळं सावकाश वाचा, पण हे आज सांगा.

तुमच्या भाच्याने नंबर बरोबर वाचला आहे, त्याचं श्रेय त्याला द्यायला हवं. त्या काळच्या सिकोच्या झाकणावर सहा जागांचा नंबर असतो. पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा, दुसरी जागा महिन्याची. जानेवारी ते सप्टेंबरला १ ते ९, ऑक्टोबरला ओ, नोव्हेंबरला एन आणि डिसेंबरला डी. तुमच्या फोटोत पाच आणि त्यापुढे एन दिसतो. दशक मात्र नंबरात नसतं. ते मॉडेलवरून काढावं लागतं. हे मॉडेल १९७६ ते १९८८ च्या सुमारापर्यंत निघालं, म्हणजे सहा, सात किंवा आठने सुरू होणारा नंबर असला की सत्तरीतलं की ऐंशीतलं असा घोळ होतो. पाचने सुरू होणाऱ्या नंबराला तो घोळ नाही. १९७५ ला मॉडेलच नव्हतं, म्हणून तुमचं झाकण नोव्हेंबर १९८५चं. इथपर्यंत भाचा आणि मी एकाच बाजूला आहोत.

त्याची चूक पुढच्या पायरीवर झाली. कारखान्याने मॉडेल बनवणं थांबवलं ती एक तारीख. दुकानातून त्या मॉडेलचा शेवटचा नग गेला ती दुसरी. या दोन तारखांमध्ये किती अंतर असावं याला कुठलाच नियम नाही, आणि घड्याळाच्या धंद्यात तर ते अंतर फार मोठं असू शकतं. मोबाइलच्या काळात वाढलेल्या मुलाला हे पटायला जड जातं, कारण त्याने पाहिलेला माल सहा महिन्यांत जुना होतो आणि वर्षभरात दुकानातून हद्दपार होतो. १९९१ चं घड्याळाचं दुकान तसं नव्हतं.

कारखान्यातून निघालेलं घड्याळ थेट गिऱ्हाइकाच्या मनगटावर जात नाही. आधी त्या त्या प्रदेशाच्या वितरकाच्या गोदामात, तिथून घाऊक व्यापाऱ्याकडे, मग दुकानात. प्रत्येक मुक्कामी काही महिने जातात. दुकानदाराने माल रोखीने घेतलेला असतो आणि न विकलेला माल परत घ्यायला सहसा कुणी तयार नसतं. घड्याळ नासत नाही, त्याला किडे लागत नाहीत, त्याच्यावर शेवटची तारीख छापलेली नसते. मग दुकानदार काय करतो? नवीन माल आला की समोर मांडतो आणि जुना वरच्या फळीवर सरकवतो. भाव पाडून विकण्यापेक्षा वाट बघणं त्याला परवडतं. ‘कधीतरी याचं गिऱ्हाईक येईलच’ हे वाक्य मी नाशिकच्या मेन रोडपासून रविवार कारंजापर्यंत कितीतरी दुकानांत ऐकलं आहे.

एक अनुभव सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी आपल्या गावातलं एक जुनं घड्याळाचं दुकान बंद होणार होतं. मालकांना मुलं परदेशी, पुढे चालवणारं कुणी नव्हतं. शिल्लक मालाची यादी करायला त्यांनी मला बोलावलं. दोन दिवस आम्ही खाली बसून डबे उघडत होतो. काउंटरच्या मागे लाकडी खणांचं कपाट होतं, सर्वांत खालचा खण दमट हवेने फुगून अडकला होता. तो ओढून काढला तर आत फेवर ल्युबा या स्विस कंपनीची चार घड्याळं, काचेवर पातळ प्लॅस्टिक, दोऱ्याला बांधलेल्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या. चिठ्ठीवरचा भाव दोनदा खोडलेला, एकदा निळ्या शाईने, एकदा काळ्या बॉलपेनाने. मालकांनी खरेदीची वही काढली, बोट फिरवत पानं उलटली आणि नोंद सापडली. त्या चारांपैकी दोन घड्याळं दुकानात येऊन सतरा वर्षं झाली होती. ते नाव आपल्याकडच्या जुन्या पिढीच्या तोंडी होतं. कंपनीने मुंबईत धंदा सुरू केला तो १८६५ साली. क्वार्ट्झच्या, म्हणजे बॅटरीवरच्या घड्याळांच्या, लाटेत मूळ घराण्याच्या हातून कंपनी गेली, मालकी बदलली, आणि या गल्लीत चार घड्याळं खणात चिठ्ठ्यांसकट बसून होती. त्यातलं एक मालकांनी त्याच आठवड्यात एका शिक्षकाला विकलं, रीतसर बिल केलं, त्या दिवसाची तारीख घातली. ते बिल आज कुणी तुमच्या भाच्यापुढे ठेवलं तर तो म्हणेल, जुळत नाही.

आणि मला हे सांगायलाच हवं की त्या आधी मीही असंच एकाला म्हणालो होतो. नाशिकरोडला प्रेसमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ माझ्याकडे घड्याळ आणि बिल घेऊन आले होते, आणि मी वर्षं मोजून त्यांना सांगितलं की हे बिल या घड्याळाचं नसावं. ते काही न बोलता उठून गेले. खणातली ती चार घड्याळं पाहिल्यावर मला त्यांचा चेहरा आठवला. त्यांचा पत्ता माझ्याकडे नव्हता. तुमचं पत्र वाचून मी लगेच लिहायला बसलो त्याचं कारण हेच.

एचएमटीचं उदाहरण तर आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचं आहे. १९६१ साली सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला कारखाना सुरू झाला, आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. त्यानंतर घड्याळं बाजारातून गायब झाली का? कागदी लेबल लावलेली जनता, पायलट, कोहिनूर त्यानंतरही दुकानांत होती, उलट बंद झाल्याचं कळल्यावर लोक शोधत आले. सिकोच्याच डायव्हरांमध्ये १९९६ साली आलेलं एसकेएक्स००७ कंपनीने २०१९ च्या सुमारास थांबवलं, आणि शिल्लक माल त्यानंतरही विकला जात होता, तोही चढ्या भावाने. रोलेक्सच्या जुन्या घड्याळांत केसच्या, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचाच्या, नंबरावरून काढलेलं वर्ष आणि कागदावरची विक्रीची तारीख यांत वर्ष-दोन वर्षांचा फरक असला तर जाणकार भुवईसुद्धा उंचावत नाहीत.

आता आप्पांच्या घड्याळाकडे येऊ. ‘बंद झालेलं’ म्हणजे नेमकं काय, ते या मॉडेलच्या बाबतीत फार बोलकं आहे. ६३०९ च्या, म्हणजे आप्पांच्या मॉडेलच्या, जागी सिकोने १९८८ मध्ये ७००२ आणलं. तेही ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने चालणारं, तेही डायव्हर, थोडं सडपातळ. पण त्यात एक गोष्ट कमी झाली. ६३०९ मध्ये वार आणि तारीख दोन्ही दिसतात, ७००२ मध्ये फक्त तारीख. वार परत आला तो १९९६ मध्ये, एसकेएक्समध्ये.

आता आप्पांचं वाक्य पुन्हा वाचा: ‘मला वार दिसणारं हवं होतं.’

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यांत मोलाचं वाक्य हे आहे आणि तुम्ही ते जाता जाता लिहिलंय. १९९१ च्या फेब्रुवारीत दुकानाच्या काउंटरवर नवीन ७००२ असणार. साइटवर शिफ्टमध्ये काम करणारा, शुक्रवारच्या सुट्टीवर लक्ष ठेवून दिवस काढणारा माणूस येतो आणि म्हणतो, मला वार दिसायला हवा. दुकानदार काय करेल? वरच्या फळीवरचा डबा काढेल, धूळ पुसेल आणि आधीचं मॉडेल पुढे ठेवेल. आप्पांना सिकोच्या मॉडेलांचे नंबर पाठ नसणार. ७००२ मध्ये वार नव्हता हे त्यांना कुणी सांगितलेलं नसणार. तरी त्यांच्या आठवणीतला तपशील त्या वर्षीच्या बाजाराशी बरोबर बसतो. रचलेली गोष्ट इतकी नेमकी बसत नाही.

दुसरं, डायलच्या फोटोत वाराच्या खिडकीत अरबी अक्षरं दिसताहेत. सिकोच्या या मशीनमध्ये वाराची चकती दोन भाषांची असते. इंग्रजी सगळीकडे, आणि जोडीला ज्या प्रदेशात माल जायचा तिथली भाषा. आखातात जाणाऱ्या मालाला अरबी. म्हणजे हे घड्याळ ज्या बाजारासाठी बनलं त्याच बाजारात विकलं गेलं. कुणाला तुकडे जोडून घड्याळ तयार करायचं असतं तर त्याने हाताला लागेल ती चकती टाकली असती. अर्थात, एकट्या चकतीवर मी निकाल देणार नाही. बाकीच्या गोष्टींशी ती जुळते, म्हणून तिला वजन आहे.

तिसरी गोष्ट महिन्याची. फेब्रुवारी १९९१ म्हणजे कुवेतवरून पेटलेलं आखाती युद्ध ऐन भरात होतं. मस्कत रणांगणापासून लांब, पण परक्या मुलुखातली हजारो माणसं पैसे हातात धरून होती, घरी परतायची वेळ कधी येईल सांगता येत नव्हतं. अशा महिन्यात महागडं घड्याळ मागणारं गिऱ्हाईक आलं तर वरच्या फळीवरचा माल काढून द्यायला दुकानदाराचा हात आखडला नसेल. हा माझा अंदाज आहे. आप्पांना विचारा, दुकानदाराने किंमत कमी केली होती का? त्यांना आठवत असेल.

मग ‘पहिल्याच वर्षी मागे पडायला लागलं’ त्याचं काय? भाच्याने हा पुरावा आप्पांच्या विरुद्ध वापरला. मी तोच त्यांच्या बाजूने वापरतो. घड्याळ डब्यात बंद असलं तरी आतलं तेल म्हातारं होतच असतं. काही ठिकाणी ते घट्ट होतं, काही ठिकाणी उडून जातं. पाणी आत जाऊ नये म्हणून बसवलेल्या रबराच्या रिंगाही न वापरता कडक होतात. नोव्हेंबर १९८५ ला बंद झालेलं झाकण फेब्रुवारी १९९१ ला गिऱ्हाइकाच्या हातात आलं, म्हणजे मशीनमधलं तेल सव्वापाच वर्षांचं. त्यानंतर ते रोज फिटरच्या मनगटावर, उन्हात, हातोड्याच्या धक्क्यांत. वर्षभरात मागे पडलं तर नवल नाही. ज्याला आपण न वापरलेलं नवीन म्हणतो ते घड्याळाच्या दृष्टीने फक्त न वापरलेलं असतं. स्विस घड्याळांत हे अगदी आकड्यांत दिसतं: त्यांच्या डायलवर अंधारात चमकणारं ट्रिटियम असायचं, ते सव्वाबारा वर्षांत निम्मं होतं. डब्यात पाच वर्षं पडून राहिलेल्या अशा घड्याळाची चमक पहिल्यांदा हातात येण्याआधीच पावभर कमी झालेली असते.

साधारण किती वर्षं माल पडून राहू शकतो असं तुम्ही विचारलंच तर माझं मत सांगतो. एक ते तीन वर्षं ही रोजची गोष्ट. पाच वर्षं ऐकून मी चमकत नाही. दहाच्या पुढे गेलं की मी प्रश्न विचारतो, पण लगेच खोटं म्हणत नाही. आणि डायव्हर घड्याळं इतर घड्याळांपेक्षा जास्त रेंगाळायची. ती जाड, वजनदार आणि साध्या घड्याळापेक्षा महाग. ऐंशीच्या दशकात फॅशन होती पातळ क्वार्ट्झची, शर्टाच्या बाहीखाली सरकणारी. १९६९ च्या डिसेंबरात सिकोनेच पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणलं, आणि त्यानंतरच्या वीस वर्षांत जगभरच्या दुकानांत चावीची आणि ऑटोमॅटिक घड्याळं मागच्या रांगेत गेली. आज लोक ज्या जुन्या डायव्हरांसाठी मागाल ती किंमत मोजतात, त्यांतली बरीचशी त्या वेळी दुकानदाराच्या डोक्याला ताप होती.

एवढं सांगूनही एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडतो. झाकणावरची तारीख झाकणाची असते. झाकण बदलता येतं. म्हणून घड्याळ एकदा उघडून पाहायला हवं, आप्पांवर अविश्वास म्हणून नाही, तर यापुढे कुणी बोट दाखवू नये म्हणून. चांगल्या घड्याळजीकडे जा, ज्याच्याकडे स्क्रूचं झाकण उघडायचं बरोबर हत्यार आहे. पकडीने किंवा पंच ठोकून उघडणाऱ्याच्या हातात देऊ नका. तुम्ही समोर बसा. मशीनवर ६३०९ असायला हवं. डायलच्या तळाशी, सहाच्या खाली, भिंगाने दिसेल इतक्या बारीक अक्षरांत डायलचा नंबर असतो, त्याचीही सुरुवात ६३०९ ने व्हायला हवी. ज्याने मस्कतमध्ये ऑइलिंग केलं त्याने झाकणाच्या आतल्या बाजूला टोकदार सुईने खूण किंवा तारीख कोरली असण्याची शक्यता आहे. जुने घड्याळजी तसं करायचे, मीही करतो. ती खूण सापडली तर तिचा फोटो काढा. १९९१-९२ ची तारीख निघाली तर तुमच्या भाच्याला तो फोटो पाठवा, शब्दही लिहायची गरज नाही.

खरेदीदाराबद्दल दोनच शब्द. ज्याला घड्याळ स्वस्तात हवं आहे त्याने त्यात काढलेली खोट ही तपासणी नसते. बिल, तेही मॉडेलच्या नंबरासकट, या घड्याळांच्या बाबतीत फार कमी लोकांकडे असतं. त्याने तेच बिल तुमच्या विरुद्ध फिरवलं. विकायचं नसेल तर पुन्हा कुणाला दाखवू नका, आणि माझं ऐकाल तर विकू नका.

आता पॉलिश आणि डायल. ताई, कृपा करून यातलं काहीही करू नका. तुमच्या मनात आप्पांना आनंद द्यायचा आहे हे मला कळतं. आपल्याकडे अंबड-सातपूरच्या पट्ट्यात बफ मारून देणारे दारात आहेत, दहा मिनिटांत स्टील आरशासारखं होतं. पण या घड्याळाच्या केसला वरच्या बाजूला ब्रशच्या बारीक रेघा आहेत आणि कडेला चकाकी. त्या दोन पृष्ठांमधली धार हीच त्याची ओळख. बफने ती धार जाते आणि परत येत नाही. फोटोत डाव्या कडेला एक तिरपा खोल ओरखडा दिसतोय. तो कशाने पडला ते आप्पांना नक्की माहीत असेल. विचारून बघा. तो ओरखडा घासून काढल्यावर घड्याळ नवीन दिसेल, पण आप्पांचं दिसणार नाही.

डायल नवीन करणं तर त्याहून वाईट. मुंबईत जुन्या सिकोच्या डायली रंगवून, भडक रंगात, जाड ठिपक्यांत, वाकड्या अक्षरांत विकायचा मोठा धंदा आहे, आणि जगभरचे लोक आता अशा घड्याळांना मुंबईच्याच नावाने ओळखतात. आपल्या शहरांची ही ओळख मला आवडत नाही. आप्पांची डायल फोटोत मूळची दिसते. ठिपक्यांचा रंग दुधावरच्या सायीसारखा पिवळट झालाय, काट्यांवरचाही तसाच. दोन्हीकडे सारखं वय दिसणं ही फार चांगली खूण आहे. अंधारात चमकत नाही म्हणून खंत करू नका.

करायचं ते एवढंच: मशीन उघडून साफ, नवीन तेल, सगळ्या रबराच्या रिंगा नवीन. काचेला तडा असेल तरच काच. चावीच्या, म्हणजे कडेला असलेल्या फिरवायच्या बटणाच्या, आट्या झिजल्या असतील तर घड्याळजी सांगेल, मूळची चावी बदलावीच लागली तर जुनी मागून घ्या. जो भाग काढला जाईल तो छोट्या पुडीत घालून परत द्यायला आधीच सांगून ठेवा, नंतर मागितलं तर सापडत नाही.

रामकुंडाचं मात्र नाही म्हणावं लागेल. डायलवर १५० मीटर लिहिलंय ते नवीन रिंगांसह कारखान्यातून निघालेल्या घड्याळाचं आहे. चाळीस वर्षांच्या केसला नवीन रिंगा टाकल्या तरी ज्या खाचेत त्या बसतात तिथे गंज धरलेला असू शकतो, आणि तो बाहेरून दिसत नाही. घड्याळजीकडे दाबाखाली तपासायचं यंत्र असेल आणि त्यात ते टिकलं तर पावसात, हात धुताना घालायला हरकत नाही. बुडी मारताना नको. घाटावर आप्पा उतरतील तेव्हा घड्याळ तुमच्या हातात असू द्या, वर आले की त्यांच्या मनगटावर चढवा.

ऑइलिंग होऊन घड्याळ घरी आलं की आप्पांनाच चावी फिरवायला द्या. आधी चावी उलटी फिरवून सैल करायची, मग एक खटका बाहेर ओढायची. एका बाजूला फिरवली की तारीख पळते, दुसऱ्या बाजूला फिरवली की वार. रात्री नऊ ते पहाटे चार या वेळात हे करायचं नाही, तेव्हा आतले दात गुंतलेले असतात आणि तुटू शकतात. वार लावताना आधी इंग्रजी येईल, मग अरबी, मग पुढचा वार. मस्कतमध्ये ते कोणती भाषा ठेवायचे तेही त्यांना विचारा. शेवटी चावी आत दाबून घट्ट करायची, नाहीतर रिंगा बदलून उपयोग नाही.

भाच्याला पुढच्या खेपेला बोलवा आणि आप्पांच्या शेजारी बसवा. त्याला रागावू नका. तो नंबर वाचायला शिकला आहे, हे घरात कुणालाच येत नव्हतं. त्याला म्हणा, आता आजोबांना विचारून दुकान कुठल्या रस्त्यावर होतं, दुकानदार कुठला होता, डबा कसा होता, किती वेळ घासाघीस झाली, हे सगळं एका कागदावर लिहून काढ, तारखेसह, आणि खाली आजोबांची सही घे. तो कागद आणि बिल एकाच पाकिटात ठेवा. बिल लॅमिनेट मात्र करू नका. उष्णतेने जुनी शाई पसरते, आणि एकदा चिकटवलेलं प्लॅस्टिक पुन्हा सुटत नाही. साधं कागदी पाकीट घ्या आणि ते कपाटात, उन्हापासून लांब ठेवा.